नसलेलं स्वयंपाकघर

"कुठलं स्वयंपाकघर, एवढंच सांग मला," नेव्हिल पुन्हा म्हणाला. बाजाराची पिशवी त्यानं अजून खाली ठेवली नव्हती. "बाकी काही विचारत नाही मी."

ग्लेंडा त्याच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभी होती आणि एकदा धुतलेला कप पुन्हा धुवत होती. ती म्हणाली, आवाज कमी कर, भिंती पातळ आहेत, शेजारी मिसेस हिंचक्लिफला सगळं ऐकू जातं.

"मग तिलाच विचारतो. तिला ठाऊक असेल. अख्ख्या ऑसेट गावाला ठाऊक आहे. एक मीच राहिलोय."

झालं होतं ते असं. नेव्हिल आर्मिटेज शुक्रवारच्या बाजारात चीजवाल्याच्या गाडीपाशी रांगेत उभा होता, तेवढ्यात पतसंस्थेतली मॅक्सीन मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, काय म्हणतंय नवीन स्वयंपाकघर? दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, कसलं नवीन? पण समोरच्या बाईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हा माणूस स्वतः खड्ड्यात उतरेल. तो म्हणाला, चाललंय, हळूहळू चाललंय. मॅक्सीननं विचारलं, भिंत पाडली तेव्हा धूळ फार झाली असेल? धुळीचं तर नाव काढू नकोस, हा म्हणाला. बागेकडची काचेची दारं बसली का? बसली म्हणाला. मग मॅक्सीन म्हणाली की हल्ली ग्लेंडा भेटतच नाही, चॅपलमध्येसुद्धा प्रार्थना संपली की मागच्या दारानं निघून जाते, त्या कामानं दमली असेल बिचारी. आपल्याला एकदा येऊन बघायची फार इच्छा आहे. आणि नेव्हिलच्या तोंडून निघून गेलं, ये की, कधीही ये. उद्या आले तर? उद्याच ये. चार वाजता, चहाला.

"आणि जाता जाता म्हणते, आईचं भांडं कुठं मांडलंय ते बघायचंय. मी नुसता हसलो. वेड्यासारखा हसलो, ग्लेंडा. तुझ्यापायी मी भर बाजारात खोटं बोललो, आणि कशाबद्दल बोललो ते मलाच माहीत नाही. चीज घ्यायचंसुद्धा राहिलं त्या नादात."

ग्लेंडानं कप पालथा घातला.

"जिन्याखाली आहे," ती म्हणाली.

"काय?"

"भांडं."

नेव्हिलनं पिशवी टेबलावर ठेवली, दुखरा गुडघा धरत वाकला आणि जिन्याखालच्या कपाटातून झाडू, इस्त्रीचं टेबल, जुने बूट असं एकेक बाजूला करत ते बाहेर काढलं. बाहेरून विटकरी, आतून पिवळसर चकचकीत, पावाचं पीठ तिंबायचं मातीचं जाड भांडं, एखादं तान्हं मूल निजवावं एवढं मोठं. जुन्या पडद्यात गुंडाळून ठेवलेलं. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि बायकोकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या बाईनं घरात एखादी वस्तू लपवून ठेवलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

मग ती बसली आणि तिनं सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं.

ग्लेंडाला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, ते हेच सांगतील की बाई सरळ. शाळेच्या भटारखान्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. कस्टर्डच्या डेगेपासून सुरुवात करून शेवटी सगळा भटारखाना तिच्या हाताखाली आला. तिथली साखरेची पुडी कधी घरी आली नाही. उरलेलं अन्न टाकून द्यायचा नियम होता, तर तिनं डोळ्यांत पाणी येईस्तोवर टाकून दिलं, पण नियम मोडला नाही. तिचे वडील जुन्या लोकरीच्या चिंध्या दळून पुन्हा सूत करणाऱ्या गिरणीत कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ असे. पण शनिवारी तेच वडील कॉलर लावून, हॅट घालून मुलीचं बोट धरून फ्लॉक्टन पतसंस्थेत जात. चॅपलमधल्याच कुणा आजे-पणज्यांनी, कामगाराला स्वतःचं छप्पर असावं म्हणून काढलेली ती पतसंस्था. तिथं चार शिलिंग भरायचे म्हणजे वडिलांच्या लेखी अर्धी प्रार्थनाच. काउंटरपाशी ते हॅट काढत. पैशापायी जो दार बदलतो तो उद्या देवही बदलेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्या घरात पैशाबद्दल बोलत नसत. पगार, वजन आणि मत, ह्या तीन गोष्टी कुणी कुणाला विचारायच्या नाहीत. ग्लेंडाच्या सख्ख्या बहिणीला तिचा पगार शेवटपर्यंत कळला नाही. नवऱ्याला कळला, तोही त्यानं विचारला नाही म्हणून.

तर ह्या बाईचे एकतीस हजार पौंड फ्लॉक्टनमध्ये होते, करमुक्त बचत खात्यात, ज्याला तिथं सगळे आयसा म्हणतात. त्या व्याजातला एक पेनीही सरकारला द्यावी लागत नाही, मात्र वर्षाला वीस हजारांच्या वर नवीन पैसे त्यात घालता येत नाहीत. वर्षानुवर्षं थोडे थोडे टाकत तिनं ते जमवले होते. नाताळ झाल्यावर एका रविवारी मुलगी लिअॅन आली, रोस्टच्या जेवणाची ताटं विसळून झाली, आणि तिनं सहज आईच्या खात्याचा दर बघितला. म्हणाली, आई, तुझे पैसे तिथं काम करत नाहीयेत, झोपा काढतायत. बाहेर दुपटीहून जास्त देतात.

पहिल्यांदा ग्लेंडानं विषय उडवून लावला. पण बाई शेवटी भटारखाना चालवलेली. स्वस्तात चांगला माल मिळत असताना महाग का घ्यायचा, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. पुढच्या रविवारी तीच म्हणाली, आण तुझा तो कॉम्प्युटर. आणि मग कोबीचा गड्डा उलटा करून देठ बघावा तसं तिनं एकेक खातं उलटून बघितलं. लिअॅन कौन्सिलच्या ऑफिसात काम करते, तिला वाटलं होतं सगळ्यांत वरचं नाव घ्यायचं नि मोकळं व्हायचं. आई म्हणाली, थांब. ह्या वरच्याचा दर एवढा कसा? खाली बारीक अक्षरांत सापडलं की त्यातला मोठा वाटा पहिल्या वर्षापुरताच. "म्हणजे वर्षभर पाहुणचार आणि मग उंबऱ्याबाहेर," ती म्हणाली. दुसऱ्यात लिहिलं होतं, पैसे केव्हाही काढा. पण वर्षातून चौथ्यांदा काढलेत तर दर निम्मा. "ह्याला केव्हाही म्हणतात होय?" तिसऱ्यात दोन वर्षं हात लावायचा नाही, दर त्याहून चांगला. लिअॅनला ते आवडलं. पण नेव्हिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी इस्पितळाच्या यादीवर होतं, यादी पुढे सरकत नव्हती, आणि तो कितीही म्हणत असला की मी जन्मभर सरकारी विम्याची वर्गणी भरलीय, मी रांग मोडणार नाही, तरी एखाद्या सकाळी त्याला जिना उतरता आला नाही तर खाजगी ऑपरेशनला पैसे हाताशी हवेत, हे ग्लेंडानं मनात ठरवून टाकलं होतं. कुलपातला पैसा अडचणीला काय कामाचा?

शेवटी तीन बँकांची नावं राहिली, तेव्हा तिनं तिन्हींकडे फोन लावला. कोण माणूस उचलतो आणि कोण यंत्राच्या हवाली करतो, ते बघायचं होतं तिला. एका ठिकाणी पलीकडच्या मुलीनं अगदी हळुवारपणे, न कंटाळता सगळं सांगितलं. दर सर्वांत वरचा नव्हता, पण त्यात पाहुणचार नव्हता, आणि पैसे हवे तेव्हा काढता येत होते. तेच तिनं निवडलं. लिअॅन म्हणाली, आई, लोक ह्याचे पैसे घेतात, तू फुकट करतेस. ग्लेंडाला मनातून बरं वाटलं. आपल्याला अजून माल पारखता येतो, असं वाटलं.

मग लिअॅन म्हणाली, आता तू फक्त सही कर. नवीन बँक स्वतःच फ्लॉक्टनला लिहून पैसे मागवून घेईल, तुला तिकडे जायलाही नको.

आणि नेमकं तेच ग्लेंडाच्या घशाखाली उतरेना. म्हणजे पत्र जाणार. ते मॅक्सीनच्या टेबलावर पडणार. मॅक्सीन ते उघडणार. आणि तिला कळणार की वडिलांच्या हॅटपासून जिचा ह्या दाराशी संबंध, ती ग्लेंडा आर्मिटेज दोन टक्क्यांसाठी, एका शब्दानं न सांगता, पाठीमागून निघून गेली. मॅक्सीन नुसती काउंटरवरची बाई नव्हती. ग्लेंडाची आई गेली तेव्हा तिच्या खात्याचे कागद घेऊन ती घरी आली होती, आणि कागद बाजूला ठेवून तिनं आधी भांडी घासली होती.

नाही, ग्लेंडानं ठरवलं, आपण समक्ष जायचं. तोंडावर सांगायचं. ते रीतीला धरून होईल.

ती गेली ती खरंच सांगायलाच गेली होती. हे तिनं नेव्हिलला दोनदा सांगितलं. चांगला कोट घातला होता. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण काचेपलीकडून मॅक्सीन हसली, गुडघ्याची चौकशी केली, बाहेरच्या गारठ्याबद्दल बोलली, आणि ग्लेंडा म्हणाली, मला पैसे काढायचे आहेत.

"किती काढू?"

"सगळे."

मॅक्सीनचा चेहरा पडला नाही, पण थबकला. तेवढ्यानं ग्लेंडाचं जुळवलेलं वाक्य विरून गेलं. ती म्हणाली, स्वयंपाकघर करून घेतोय. खरं तर तिच्या स्वयंपाकघरातला वरचा खण गेली कित्येक वर्षं अडकत होता, एवढंच त्यात तथ्य. मॅक्सीन म्हणाली, वा, पण एकतीस हजारांचं? तेव्हा ग्लेंडानं मधली भिंत पाडली. तरी पैसे उरत होते, म्हणून बागेकडे काचेची दारं लावली. तिथं उभ्या उभ्या, हातमोजे काढता काढता, तिनं एक अख्खं स्वयंपाकघर बांधलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की हे इतकं सोपं असतं.

मॅक्सीन हसली आणि म्हणाली, एक गोष्ट सांगून ठेवते, मी सगळ्यांनाच सांगते. पैसे दुसऱ्या बँकेत न्यायचे असतील तर असे हातात काढायचे नाहीत. त्यांना सांगायचं, ते परस्पर घेऊन जातात. हातात काढले की त्यांचं करमुक्त असणं संपलं, आणि परत घालायला गेलात तर वर्षाला वीस हजारांचीच मुभा. "पण तुम्हाला काय त्याचं, तुम्हाला तर खर्चच करायचेत."

"हो ना," ग्लेंडा म्हणाली. "आम्हाला काय त्याचं."

ह्याच क्षणी ती थांबू शकली असती. हा क्षण तिला त्यानंतर रोज, कपडे वाळत घालताना, दात घासताना, पुन्हा पुन्हा दिसायचा. तिला उत्तर हातावर ठेवलेलं होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं की मॅक्सीन, मी खोटं बोलले. तेवढं तिला जमलं नाही, म्हणून तिनं अकरा हजारांना करमुक्त खात्याबाहेर काढून टाकलं.

पण नेव्हिलला सांगताना ती जिथं अडखळली ती जागा ही नव्हती. ती पुढची होती. एवढी मोठी रक्कम, आणि वयस्कर बाई, म्हणून नियमाप्रमाणे मॅक्सीनला विचारावं लागलं की कुणी फोनवरून पैसे काढायला तर सांगितलं नाही ना, घरी कुणी दबाव तर आणत नाही ना. मग तिनं मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडचा माणूस बहुधा खोदून खोदून विचारत असावा, कारण मॅक्सीनचा आवाज जरा कडक झाला. काच होती मध्ये, तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"मी ओळखते त्यांना," मॅक्सीन फोनवर म्हणत होती. "नाही, बिलं बघायची गरज नाही. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. हमीला माझं नाव घाला."

चेक पर्समध्ये टाकून ग्लेंडा बाहेर पडली आणि टाउन हॉलसमोरच्या बाकावर बसून राहिली. पतसंस्थेचं दार तिथून दिसत होतं. परत जाऊन चेक काउंटरवर ठेवला असता तरी चाललं असतं. एक कबूतर पायाशी येऊन काही मिळेना म्हणून निघून गेलं. मग तीही उठली आणि बसनं घरी आली.

वीस हजार नवीन खात्यात गेले, अकरा हजार साध्या खात्यात पडून राहिले. लिअॅनला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, आई, हातात कशाला काढलेस? तुला तिथं कुणी सांगितलं नाही?

"नाही," ग्लेंडा म्हणाली.

तो दुसरा खोटेपणा. तो पहिल्यापेक्षा लहान होता, एका शब्दाचा, पण त्यानं दोष उचलून मॅक्सीनच्या डोक्यावर ठेवला. लिअॅन म्हणाली, काउंटरवरच्या बाईचं ते कामच आहे, तिनं सांगायलाच हवं होतं. ग्लेंडा म्हणाली, जाऊ दे. लिअॅन म्हणाली, का जाऊ दे? तुम्ही लोक नेहमी जाऊ दे म्हणता. आणि विषय तिथं थांबला असं ग्लेंडाला वाटलं.

भांडं त्यानंतर आलं. चॅपलच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या दिवशी ग्लेंडा केक मांडत होती, मॅक्सीन दोन्ही हातांनी ते पोटाशी धरून घेऊन आली. विकायला आणलं असेल असं ग्लेंडाला वाटलं. मॅक्सीन म्हणाली, हे माझ्या आईचं. माझं स्वयंपाकघर म्हणजे कपाट, तिथं हे राहत नाही, आणि विकायला मन होत नाही. तुमच्या नवीन ओट्यावर शोभेल. शिवाय तुम्ही त्यात पाव कराल, नुसती फळं नाही ठेवणार. आजूबाजूला सगळ्या बायका होत्या. कुणीतरी म्हणालं, नवीन स्वयंपाकघर? कधी? ग्लेंडानं भांडं घेतलं. दुसरं काय करणार होती? ते एवढं जड होतं की घरी नेईपर्यंत तिच्या दंडांना गोळे आले. वाटेत तिला वाटलं की हे हातून पडावं, आणि लगेच ते असं पोटाशी घट्ट धरलं की जणू खरंच पडणार होतं.

त्या दिवसापासून ती मागच्या दारानं जायला लागली.

हे सगळं नेव्हिलनं ऐकून घेतलं. भांड्याच्या काठावरून त्यानं बोट फिरवलं. त्याला अपेक्षा होती की आपल्याला राग येईल, पण त्याला आठवत होता तो चीजच्या रांगेतला स्वतःचाच आवाज, काचेची दारं बसवणारा.

"बसली म्हणून सांगितलंय मी," तो म्हणाला. "दारं."

"ऐकलं मी."

"रंग विचारला असता तर तोही सांगितला असता." मग त्यानं टोपी घातली आणि बाहेर पडला.

दर शुक्रवारी संध्याकाळी लिअॅन मासे नि चिप्स घेऊन येते, तशी ती त्याही संध्याकाळी आली. कागदाची पुडकी टेबलावर ठेवली, व्हिनेगरचा वास सगळीकडे पसरला. भांडं अजून तिथंच होतं, टेबलाच्या मधोमध, म्हणून ताटं कडेकडेनं मांडावी लागली. लिअॅननं विचारलं, हे कुणाचं? ग्लेंडा म्हणाली, मॅक्सीनचं. कोण मॅक्सीन? पतसंस्थेतली.

"अरे वा," लिअॅन म्हणाली, "त्याच बाईंबद्दल आणलंय मी काहीतरी." आणि तिनं पिशवीतून एक कागद काढला. तक्रार. व्यवस्थित टाइप केलेली, कौन्सिलच्या भाषेत: ग्राहकास योग्य ती माहिती देण्यात आली नाही, त्यामुळे ग्राहकाचं करमुक्त सवलतीचं कायमचं नुकसान झालं, संबंधित कर्मचाऱ्याची चौकशी व्हावी. लिअॅननं समजावलं की ह्या वर्षी अकरा हजारांच्या थोडक्या व्याजावर बहुधा कर लागणारही नाही, एप्रिलमध्ये नवं करवर्ष लागलं की ते पुन्हा आतही घालता येतील, पण प्रश्न तत्त्वाचा आहे, आणि अशा तक्रारीवर दोन-तीनशे पौंड सहज मिळतात. फक्त खाली सही हवी.

म्हणजे करही नाही. ग्लेंडानं ते ऐकलं. ज्याची तक्रार होती ते नुकसान एक-दीड महिन्यात भरून निघणार होतं. राहणार होतं ते फक्त 'माझं नाव घाला' हे वाक्य.

तेवढ्यात नेव्हिल आला. त्याच्या हातात एक जाड, गुळगुळीत पुस्तक होतं, हमरस्त्यावरच्या स्वयंपाकघरांच्या दुकानातून आणलेलं. ताटात चिप्स वाढून घेण्याआधी त्यानं ते ग्लेंडासमोर उघडलं. पानांचे कोपरे दुमडून आणले होते त्यानं. क्रीम रंगाची दारं. हलका पिवळा ओटा.

"मी विचारून आलो," तो म्हणाला. "भिंत पाडून, दारं बसवून, अकरा हजारांत बसतं. तेवढेच बाहेर आहेत ना? उद्यापर्यंत होणार नाही, ते ठीक आहे. उद्या आपण म्हणू, कारागिरांनी उशीर केला. कारागीर उशीर करतातच. आणि उन्हाळ्यापर्यंत सगळं खरं होऊन जाईल. तू खोटं बोललीस असं राहणारच नाही मग."

लिअॅन म्हणाली, कसली भिंत? कोण येतंय उद्या?

ग्लेंडा त्या चित्राकडे बघत राहिली. चित्रातल्या ओट्यावर लिंबांनी भरलेलं एक भांडं होतं, अगदी असंच, बाहेरून विटकरी. तिच्या आयुष्यात कुणी तिच्यासाठी अकरा हजारांचं काही करायला निघालं नव्हतं, आणि निघाला तो हा, गुडघा ओढत दोन बस बदलून. तिला ते आवडलं. हीच लाज होती, की तिला ते आवडलं. क्षणभर तिनं त्या ओट्यावर मॅक्सीनला उभी केली, हात फिरवून बघणारी, खूश झालेली. मॅक्सीनला कधीच कळलं नसतं. पण प्रत्येक सकाळी चहा टाकताना त्या क्रीम रंगाच्या दारांनी ग्लेंडाला सांगितलं असतं की आम्ही कशासाठी आहोत. आणि नेव्हिलचा जिना?

तिनं पुस्तक मिटलं. लिअॅनचा कागद उचलला, चष्मा न लावताच त्याच्याकडे पाहिलं आणि चिप्सच्या तेलकट कागदात चुरगाळून टाकला.

"आई!"

"तिनं मला सांगितलं होतं," ग्लेंडा म्हणाली. "अगदी स्पष्ट. मीच तुला नाही म्हणाले."

लिअॅननं वडिलांकडे बघितलं. नेव्हिल मिठाची बाटली उगाचच फिरवत होता. लिअॅनला बऱ्याच गोष्टी विचारायच्या होत्या, पण आईचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता, कान लाल, मान ताठ, शाळेत एखाद्या पोराला तिच्यासमोर उभं करत तेव्हा त्या पोराचा असायचा तसा. म्हणून ती हळूच एवढंच म्हणाली की उद्या आजारी असल्याचा निरोप पाठवता येईल. पोट बिघडलं म्हटलं की कुणी येत नाही.

"माझं पोट ठीक आहे," ग्लेंडा म्हणाली.

तिनं भांडं स्वतःकडे ओढलं, पडद्याचा एक धागा आत चिकटला होता तो काढला, आणि मासा तिघांच्या ताटांत सारखा वाढला. मग, उद्या कोळसा आणायचाय असं सांगावं तशा आवाजात, ती म्हणाली, "मॅक्सीन उद्या चारला येईल. तिला हेच स्वयंपाकघर दाखवायचंय. आल्या आल्या मी तिला सगळं सांगणार आहे, चहा टाकायच्या आधी, म्हणजे थांबायचं की नाही हे तिचं तिला ठरवता येईल. ती काचेची दारं बसवलेली नाहीत हे नेव्हिल, तू तुझ्या तोंडानं सांगायचंस. भांडं धुऊन इथंच ठेवायचं. तिनं परत मागितलं तर ते तिच्या घरी तू नेऊन देशील."